सव्वा आणि दीड इंचाच्या मध्ये

बोअरला किती पाणी लागलं असं कुणाला विचारलं, की आमच्याकडचा माणूस इंचात सांगतो. "एक इंच लागलं." "दोन इंच लागलं." चिकूची वाडी असलेला असेल तर "अडीच इंच, एकदम फोर्समध्ये." मी लहानपणापासून हेच ऐकत आले. पाणी इंचात कसं मोजतात, असा प्रश्न मला कधी पडला नाही, कारण बोअर मारणं ही आमच्या घरातली गोष्टच नव्हती.

पुढे २०१५ मध्ये मी नेमका तोच इंच मोजायच्या कामाला लागले आणि २०१९ पर्यंत ते काम केलं. आधी कॉलेज सांभाळून, सुट्टीच्या दिवशी, बी.एस्सी. झाल्यावर जवळजवळ रोज. त्या कामाबद्दल लिही असं मला सांगितलं गेलं आहे. मी प्रयोगवहीपलीकडे फारसं काही लिहिलेलं नाही. उद्देश, साहित्य, कृती, निष्कर्ष, एवढंच मला ठाऊक. तेव्हा कुठे रटाळ झालं तर सांभाळून घ्यावं.

काम मिळालं ते वडिलांमुळे. ते आशागडजवळ एका वाडीत कामाला होते. तिथला पंप दुरुस्त करायला डहाणूचे एक भाई यायचे. स्टेशनजवळ त्यांचं पंपांचं दुकान होतं, आणि पाड्यांवर नव्या मारलेल्या बोअरची क्षमता तपासायचं काम त्यांनी ठेक्यानं घेतलं होतं. पंप उतरवायला माणसं होती, पण आकडे घेऊन तक्ता भरेल असं कुणी नव्हतं. वडील त्यांना म्हणाले, "आमची पोरगी शास्त्र शिकते." घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. मी काय शिकते हे वडिलांना नीट सांगता येत नसे, म्हणून ते सगळ्यांना 'शास्त्र' सांगायचे.

दुकानात भाईंनी मला एकच प्रश्न विचारला. "बेन, एक इंच एटले केटला एमएम?"

"पंचवीस पूर्णांक चार."

"सगळा लोक पंचवीस बोलते," भाई म्हणाले. "तू वरचा चार पण बोलली. रविवारथी ये."

आता हे काम काय असतं ते सांगते. बोअर मारून झाली की मारणारा माणूस दाबाच्या हवेनं पाणी वर उडवतो आणि सांगतो, दीड इंच लागलं. पण ते त्या क्षणाचं पाणी. खडकाच्या भेगांत कधीपासून साठलेलं पाणी पहिल्या दणक्यात बाहेर येतं. रोज सकाळ-संध्याकाळ उपसल्यावर किती टिकेल, ते त्यावरून कळत नाही. म्हणून आम्ही पिकअपवर जनरेटर घेऊन जायचो, बोअरमध्ये तात्पुरता पंप सोडायचो आणि दिवसभर पाणी उपसत राहायचो. ते पाणी एका पत्र्याच्या पेटीत पडायचं. पेटीच्या पुढच्या बाजूला इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच असते. पाणी त्या खाचेतून बाहेर वाहतं. खाचेच्या टोकापासून पाण्याची पातळी जितकी वर, तितके इंच. लोक म्हणतात तो इंच हाच.

गंमत पुढे आहे. एक इंच म्हणजे ताशी साधारण पाचशे लिटर. मग दोन इंच म्हणजे किती? कुणीही म्हणेल, हजार. पण दोन इंचाला जवळजवळ एकोणतीसशे लिटर भरतात. खाच वर रुंद होत जाते, शिवाय जास्त खोलीचं पाणी जास्त वेगानं निघतं. त्यामुळे उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाच पटींहून जास्त होतं. फुटाचे मीटर करायचे तर एकाच आकड्यानं गुणायचं, संपलं. खाचेतल्या इंचाचे लिटर करायचे तर असा एक आकडा नाही. प्रत्येक उंचीला वेगळा हिशोब. कॉलेजात हे सूत्र मी पाठ केलं होतं. त्याचा अर्थ मला पाड्यांवर कळला.

बोअर मारणारा खोली फुटात लिहायचा. पाण्याची पातळी बघायची माझी टेप मीटरची. पंपावरच्या पट्टीवर कधी हे, कधी ते. सरकारी तक्ता मीटर आणि लिटर मागायचा. माझे कॉलेजचे सर म्हणायचे, एकक लिहिलं नाही तर उत्तर लिहिलंच नाही असं समजा, आणि खरंच शून्य द्यायचे. ती सवय कामाला आली. प्रत्येक आकड्याशेजारी एकक लिहायचं, ज्या मापात मोजलं त्याच मापात आधी लिहायचं आणि आकडा गोल करायचा तो अगदी शेवटी. मध्येच गोल केला तर चूक पुढे सरकताना वाढत जाते.

पण माणसं काही तक्त्यातल्यासारखी नसतात. आशागडच्या एका आजोबांनी स्वतःच्या वाडीतली बोअर तपासायला बोलावलं होतं. मी टेप तळापर्यंत सोडली आणि म्हटलं, "अठ्ठ्याऐंशी भरली."

"अठ्ठ्याऐंशी?" आजोबा ताडकन उठले. "तीनशे सांगितलं त्यानं मला. तीनशेचे घेतले."

"आजोबा, मीटर..." मी म्हणेपर्यंत त्यांनी फोन लावलासुद्धा. बोअरवाल्याला गुजराती आणि मराठी दोन्ही भाषांत इतकं काही सुनावलं की मला मध्ये बोलायला जागाच मिळेना. फोन ठेवल्यावर मी जमिनीवर गुणाकार करून दाखवला. अठ्ठ्याऐंशी मीटर म्हणजे दोनशे एकोणनव्वद फूट. गाळ धरला तर बरोबर. आजोबांनी खाली वाकून ते आकडे वाचले. मग म्हणाले, "आधी फुटात बोलायचं ना, पोरी. आता त्याच्याकडे माफी कोण मागेल, तू?" त्यानंतर मी नेहमी दोन्ही सांगू लागले.

वाणगावला एक मिरचीवाले काका होते. ते पाणी एचपीत सांगायचे. "माझ्याकडे साडेसात एचपीचं पाणी आहे." मी म्हटलं, काका, ती मोटरची ताकद झाली. ते म्हणाले, मोटर मोठी तर पाणी मोठं. मी म्हटलं, "तोंड मोठं असलं म्हणून ताटात भात जास्त पडतो का?" ते खूप हसले आणि जाताना पिशवीभर मिरच्या दिल्या. अशा दिवसांची आठवण चांगली आहे.

तसे बहुतेक दिवस मात्र एकटीचेच असायचे. जनरेटर चालू असला की शेजारच्याशीही बोलता येत नाही. ठरलेल्या वेळांना पातळी घ्यायची, म्हणून उठून कुठे जाता येत नाही. पाड्यावरची माणसं आधी येऊन बघायची, मग आपापल्या कामाला जायची. मी टेप घेऊन बोअरशेजारी बसायची. टेपचं टोक पाण्याला लागलं की रिळावरचा छोटा दिवा लागतो. दिवसभर तो दिवा लावायचा आणि विझवायचा. घरी आल्यावर आई विचारायची, जेवलीस का. काय मोजलंस, असं विचारायला तिला जमायचं नाही. तिची मापं पायली आणि अधोली. कॉलेजच्या मैत्रिणींच्या गप्पांत मी बसले तरी मला सांगण्यासारखं काही सुचायचं नाही. आज एका पाड्यावर पाणी तीन मीटर खाली गेलं, हे कुणाला सांगायचं? ज्यांना आकडा कळत होता त्यांना तो पाडा माहीत नव्हता, आणि ज्यांना पाडा माहीत होता त्यांना आकडा नको होता.

माझ्याबरोबर कायम असायचे ते रमणदादा. पिकअप चालवायचे, जनरेटर सांभाळायचे आणि पंप उतरवायचे. बोलायला कमी. सुरुवातीला एकदा त्यांनी मला डहाणूच्या बाजूचा एक पाडा दाखवला होता. तिथे टाकी होती, घरोघर नळाचे पाइप गेले होते आणि एकाही नळाला तोटी नव्हती. बोअर मारली त्या दिवशीचा इंच धरून कुणीतरी मोठा पंप बसवला. उन्हाळ्यात पाणी पंपाच्या खाली गेलं, मोटर कोरडी फिरून जळाली आणि काढताना पाइप तुटून पंप आतच अडकला. मग त्या बोअरवर साधा हातपंपसुद्धा बसेना. रमणदादा म्हणाले, "हे बघून ठेव." आणि गाडी वळवली. तेवढंच.

२०१७ च्या उन्हाळ्यात माझी शेवटच्या वर्षाची परीक्षा झाली आणि लगेच तलासरी तालुक्यात झरीच्या बाजूला एका पाड्याची चाचणी निघाली. तो पाडा मला विसरता येत नाही.

पाडा चढावर आहे. बायका खालच्या ओहोळातल्या खड्ड्यातून पाणी आणायच्या. नवी बोअर पाड्याच्या खालच्या टोकाला, लखमी मावशींच्या खळ्याला लागून मारली होती. जागा त्यांनीच दिली होती. बोअर मारणाऱ्यानं दोन इंच सांगितलं होतं. दोन इंच म्हणजे सौरपंप, वर टाकी आणि घरांजवळ नळ. टाकी कुठे बांधायची ती जागासुद्धा पाड्यानं साफ करून ठेवली होती. आम्हाला सांगितलेली अट अशी होती, की बोअरनं ताशी हजार लिटर सलग दिलं तर टाकी आणि नळ. त्याखाली असेल तर हातपंप.

सकाळी पंप चालू केला तेव्हा खाचेत बरोबर दोन इंच पाणी आलं. पंपाची ओढच तेवढी होती. बायका हंडे, कळश्या, तेलाचे डबे असं घरातलं सगळं घेऊन आल्या. एका बाईनं पेटीतच हंडा बुडवला आणि खाचेतली पातळी एकदम खाली गेली. मी ओरडले, "मावशी, पेटीत नको. खाचेच्या पुढे धरा, कितीही भरा." मग त्यांनी खाचेपुढे रांग लावली. तरीही भरून उरलेलं पाणी उतारावरून खाली जात होतं. चाचणीत पंप थांबवता येत नाही. ज्या बायका एका हंड्यासाठी ओहोळापर्यंत जातात त्यांच्यासमोर मी पाणी वाहू देत होते. त्यांची हरकत नव्हती, कारण दोन इंच होतं. रोजच येणार होतं.

सगळ्या मजेत होत्या. मी पट्टी धरून वाकले होते तर एक म्हातारी म्हणाली, "बाय, तुझं लगीन झालं का?"

"नाही आजी."

"मंग नवरा असाच मोजून घे हो. पण फुटात मोज. इंचात घेशील तं फसशील."

सगळ्या हसत सुटल्या. लखमी मावशींनी मला नागलीची भाकर आणि सुकटीची चटणी आणून दिली आणि मी जेवेपर्यंत शेजारी बसून राहिल्या. जनरेटरच्या आवाजात बोलता येत नव्हतं. त्या नुसत्या वाहत्या पाण्याकडे बघत होत्या. मध्येच कानाशी येऊन म्हणाल्या, "आता माझी सून नाय जायची ओहोळावर." सून गरोदर होती. दारात उभी राहून आमच्याकडे बघत होती.

दुपारनंतर टेप जास्त खोल सोडावी लागू लागली. मग खाचेतलं पाणी उतरायला लागलं. दोन इंचावरून पावणेदोन, मग दीड. दीड इंच म्हणजे चौदाशे लिटर. तरी चालेल, असं मी मनात म्हटलं. तिथेही ते थांबलं नाही. सव्वाच्या आसपास आलं आणि मग तिथेच राहिलं. पातळी घेतली, पुन्हा घेतली, तेवढीच. म्हणजे बोअरची खरी क्षमता हीच.

अशा वेळी मी इंचावर विसंबत नाही. इंचाच्या खुणा जाड असतात. मी स्टीलची पट्टी काढली. खाचेच्या तोंडाशी पाणी वाकून खाली जातं, तिथे मोजलं तर कमी भरतं, म्हणून मागे, स्थिर पाण्यात मोजायचं. पाणी पट्टीला चिकटून थोडं वर चढतं, ते धरायचं नाही. गुडघ्यावर बसून, डोळा पाण्याच्या रेषेत आणून वाचलं. बत्तीस मिलिमीटर. ताशी नऊशे दहा लिटर. हजारच्या वर जायला चौतीस लागत होते.

मी पट्टी पुसली आणि पुन्हा लावली. खरं सांगायचं तर मी चौतीस शोधत होते. पाणी जरासं हलत होतं. हललं की तेहतीसला लागायचं आणि परत खाली यायचं. मग बादली लावली. तिचं वीस लिटरचं माप मी स्वतः वजन करून तपासलेलं होतं. घड्याळ लावून भरली तर ऐंशी सेकंदांच्या जवळ. हिशोब केला, पुन्हा नऊशेच. दोन वेगळ्या रीतींनी मोजून एकच उत्तर आलं की एरवी मला किती बरं वाटायचं.

रमणदादांनी माझ्या तोंडाकडे बघून ओळखलं आणि जनरेटर बंद केला. एकदम शांत झालं. पाड्यावरची माणसं जमली.

"किती?" एका माणसानं विचारलं.

"सव्वा इंच."

"सकाळी तं दोन होतं."

"सकाळी साठलेलं पाणी होतं, दादा. रोज एवढं टिकणार नाही. आता येतंय ते खरं."

एक म्हातारे काठीवर रेलून उभे होते. ते म्हणाले, "सकाळधरनं तू वतून दिलंस उतारावर. मोजून मोजून संपवलंस नि आता कमी हाय म्हणतेस."

 त्यांच्या डोळ्यांदेखत मी दिवसभर तेच केलं होतं.

लखमी मावशी पेटीजवळ आल्या. त्यांनी खाचेच्या पत्र्यावर बोट ठेवलं. "बाय, ही पाटी पाणी अडवते. ती काढ नि मोज."

मी पाटी काढली नाही, पण रमणदादांनी पंप पुन्हा लावला आणि मी पाइप पेटीतून काढून सरळ मावशींच्या हंड्यात सोडला. हंडा भरायला लागणारा वेळ सगळ्यांनी बघितला. सकाळी हाच हंडा बोलता बोलता भरत होता. आता मावशी त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या, भरेपर्यंत.

"म्हणजे अर्धं तं हाय," दुसरा माणूस म्हणाला. "दोनाचं सव्वा. अर्ध्याहून जास्तच. मग अर्धी टाकी भरेल."

इथे मी तो खाचेचा हिशोब सांगायचा प्रयत्न केला. दोन आणि सव्वा दिसायला जवळ असले तरी पाणी तिसऱ्या हिश्श्यावर आलंय, असं म्हटलं. काडीनं मातीत खाच काढून दाखवली, वरची रुंदी दाखवली. वर्गात एखाद्या मैत्रिणीला हे समजलं नसतं तर मी पुन्हा सांगितलं असतं. इथे त्यांना समजलं नव्हतं असं मला वाटत नाही. त्यांना ते नको होतं.

"दीड लिही ना," लखमी मावशी म्हणाल्या. हळू, मला एकटीला ऐकू येईल असं. "सव्वात नि दीडात काय ते?"

रोजच्या व्यवहारात खरंच काही नसतं. सव्वा किलो वांगी नि दीड किलो वांगी यांत कुणी भांडत नाही. या खाचेत तो पाव इंच ताशी पाचशे लिटरचा होता.

पेटी गाडीत चढवताना रमणदादा म्हणाले, "लिहून टाक दीड. कोण येतंय बघायला?"

"दादा, तुम्हीच तो पाडा दाखवला होता."

"दाखवला होता. पण टाकी एकदा बांधली की बांधली. उद्या दुसरीकडून पाइप येईल, टँकर येईल, टाकीत पडेल. टाकीच नसली तर कुठे पडेल?" मग म्हणाले, "मी काय बोललो नाय. तुझं तू बघ."

दादांचं बोलणं खोटं नव्हतं. आजही नाही. मी फक्त एवढाच विचार करू शकले, की चौदाशे लिहिलं तर चौदाशेचा पंप येईल आणि खाली नऊशेच असेल. मोजणारी शिकलेली असो की अडाणी, बोअर नऊशेच देणार. गाडीच्या बॉनेटवर तक्ता ठेवून मी बत्तीस मिलिमीटर लिहिलं, पुढे नऊशे दहा, पुढे बादलीचा वेळ. सही केली. मावशी लांबून बघत होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं, पण मी काय लिहिलं हे त्यांना समजलं होतं.

तक्ता कार्यालयात गेला तेव्हा तिथल्या साहेबांनी मला बोलावलं. चांगले होते. दोनदा वाचून त्यांनी विचारलं, "मॅडम, पट्टी वाचताना एखादा मिलिमीटर इकडेतिकडे होतोच ना?"

"होतो, सर. पण एकच. दोन नाही. आणि बादलीसुद्धा तेच सांगते."

त्यांनी पेन उघडलं. मग 'हातपंप' लिहिलं आणि म्हणाले, "वाईट वाटतं हो." मलाही तेच म्हणायचं होतं, पण मी "हो सर" एवढंच म्हटलं.

पाड्याला कळवायचं काम माझं नव्हतं. भाई म्हणाले, "तारे कशाला जवानुं? त्यांना पत्र जाशे." पण पत्र येईल, कुणी ते वाचून दाखवेल, आणि त्यात कशासाठी नाही म्हटलं ते नसेलच. मला वाटलं, ज्यांची भाकर खाल्ली त्यांना निदान तोंडानं सांगावं. मी चूक केली नव्हती, हे मला माहीत होतं. तरी रविवारी तलासरीहून जीपमध्ये बसले. परत फिरावं असं वाटेत खूपदा वाटलं. आपण कशासाठी जातोय, त्यांना सांगायला की त्यांनी आपल्याला बरं म्हणावं म्हणून, हेही मला नीट सांगता आलं नसतं.

लखमी मावशी घराच्या कारवीच्या कुडाला शेणमाती लावत होत्या. दोन्ही हात कोपरापर्यंत भरलेले. मला बघून उठल्या नाहीत. मी शेजारी मातीतच बसले.

"टाकी नाय ना?" त्यांनीच विचारलं.

"नाही मावशी. हातपंप लागेल."

"किती कमी पडलं?"

"दोन मिलिमीटर."

"ते किती? दाखव."

मी अंगठा आणि बोट जवळ आणून मधली फट दाखवली. त्या वाकून फटीकडे बघत राहिल्या.

"एवढं तं माझ्या हंड्यातनं चालताना सांडतं."

"मावशी, खाचेत ते एवढं दिसतं, पण हजाराला तासाला सहा हंडे कमी पडतात."

"सहा हंडे?" त्यांनी हात थांबवला. "मंग सहा हंडे मी घालते तासाला. ओहोळावरनं आणून घालते. लिही तसं. लखमी घालते म्हणून लिही."

त्या चेष्टा करत होत्या की खरंच म्हणत होत्या, मला कळलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. आतून सुनेच्या खोकण्याचा आवाज आला. 

मग त्यांनी विचारलं, "तुझ्या घरी नळ हाय?"

"नाही. हातपंपच आहे. उन्हाळ्यात तोसुद्धा खडखडतो, मग आई विहिरीवर जाते."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. मला वाटतं, तोपर्यंत त्यांनी मला गावातली, नळवाल्या घरातली मुलगी समजलं असावं.

"मंग तुला ठावं होतं," त्या म्हणाल्या.

"हो."

त्यांनी पाटीतला शेणमातीचा गोळा उचलून कुडाला थापला आणि तळव्यानं पसरवला. मला 'निघ' म्हटलं नाही आणि 'बस' असंही म्हटलं नाही. ऊन अंगणाच्या मध्यापर्यंत आलं तेव्हा मी उठले. त्यांनी कुडाकडे बघतच विचारलं, "हातपंप कवा लावतील?"

"पावसाच्या आधी, असं म्हणतात."

"तू येशील काय तवा?"

"नाही मावशी. ती माणसं वेगळी असतात. माझं काम मोजायचं. ते झालं."

"झालं तं," मावशी म्हणाल्या, आणि पुढचा गोळा घ्यायला पाटीत हात घातला.